बंदुकीची नोंदणी आणि आपलं स्वातंत्र्य: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वकिलीच्या निमित्तानं माझ्याकडे दोन प्रकारची माणसं हा विषय घेऊन येतात. एक, वादविवाद स्पर्धेची तयारी करणारी कॉलेजची मुलं. त्यांचे सगळे मुद्दे अमेरिकेतले असतात. दोन, मोहोळ-बार्शीकडचे बागायतदार, सराफ, निवृत्त फौजी. त्यांना अमेरिकेशी काही घेणंदेणं नसतं, त्यांना अर्ज कुठे अडकला ते हवं असतं. दोघांचे प्रश्न इथे एकत्रच घेतले आहेत, कारण ते एकमेकांना उपयोगी पडतात असं मला वाटतं.

भारतात बंदूक बाळगणं हा नागरिकाचा हक्क आहे का?

नाही. राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये शस्त्राचा उल्लेख येतो तो उलट बाजूनं: शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य. हे आपोआप झालेलं नाही. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. त्याचाच आधार घेऊन ह. वि. कामत यांनी डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. म्हणजे प्रश्न समोर होता, चर्चा झाली आणि ‘नको’ असं ठरलं. शिखांच्या कृपाणाला कलम 25 मध्ये वेगळं संरक्षण आहे, तेवढाच अपवाद. फेब्रुवारी 2023 मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं की अमेरिकेसारखा हक्क आपल्याकडे नाही.

मग अमेरिकेतला वाद नेमका कशावर आहे?

तिथे 1791 पासून घटनेतच शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी दुसरी दुरुस्ती आहे आणि 2008 च्या हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा असल्याचं मान्य केलं. बंदूक घ्यायची का, हा प्रश्न तिथे बहुतांशी सुटलेला आहे. भांडण आहे ते पुढच्या गोष्टीवर: कोणाकडे कोणती बंदूक आहे याची यादी सरकारकडे असावी का?

1934 च्या कायद्यानं मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुका केंद्रीय नोंदीत आणल्या आणि त्यांच्या हस्तांतरावर 200 डॉलर कर बसवला. त्या काळात ही रक्कम जबर होती. 1968 मध्ये प्रत्येक नव्या बंदुकीवर अनुक्रमांक आणि विक्रेत्याकडे विक्रीची नोंद सक्तीची झाली. 1986 मध्ये मात्र संसदेनं कायदाच केला की सरकारनं बंदूकमालकांची सर्वसाधारण केंद्रीय नोंदवही तयार करायची नाही. त्याचा परिणाम मजेशीर आहे. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचा तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या केंद्रातले कर्मचारी उत्पादकाला फोन करतात, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानदाराला. बंद पडलेल्या दुकानांचे कागद खोक्यांतून तिथे येतात, त्यांची छायाचित्रं घेतली जातात, पण नावानं शोधता येईल अशी यादी करायला बंदी. इतक्या संगणकीकृत देशानं कायद्यानं स्वतःला आंधळं करून घेतलं आहे, आणि ते मुद्दाम. राज्यांचं वेगळं: हवाईमध्ये सगळ्या बंदुकांची नोंदणी करावी लागते.

नोंदणीला विरोध करणाऱ्यांची भीती खरी आहे की कांगावा?

भीती एका वाक्यात सांगता येते: आज यादी, उद्या जप्ती. मुलांना मी सांगतो, हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ऑस्ट्रेलियात एप्रिल 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 माणसं मारली गेली. त्यानंतर सरकारनं ठरावीक प्रकारच्या बंदुकांवर बंदी आणली आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी मार्चमध्ये डनब्लेनच्या शाळेत 16 मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर परवानाधारकांची पिस्तुलं काढून घेतली गेली. ज्यांची नावं आधीच कागदावर होती त्यांच्यापर्यंत पोचणं सोपं होतं, हे उघड आहे.

पण दोन्हीकडे आधी संसदेत कायदा झाला, भरपाई मिळाली आणि त्यानंतर आलेल्या निवडणुकांत लोकांना तो कायदा उलटवायची मोकळीक होती. त्यांनी उलटवला नाही. याला जप्ती म्हणायचं असेल तर म्हणा. आपल्याकडे जमिनीच्या भूसंपादनात याहून कमी ऐकून घेतलं जातं.

हिटलरनं आधी नोंदणी केली आणि मग शस्त्रं काढून घेतली, हे खरं ना?

अर्धं खरं. नोंद आणि परवान्याचा कायदा हिटलरच्या आधीच्या लोकशाही राजवटीचा, म्हणजे वायमार प्रजासत्ताकाचा, 1928 चा. नाझींच्या 1938 च्या कायद्यानं बहुतेक जर्मनांसाठी नियम उलट सैल केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूंना शस्त्र बाळगायला पूर्ण बंदी केली. लोकशाहीत तयार झालेले कागद पुढे कोणाच्या हाती पडतील याची शाश्वती नसते, एवढं त्यातून निघतं. घराघरांत पिस्तुलं असती तर ज्यू वाचले असते, हे मात्र त्यातून निघत नाही.

आपणही इंग्रजांनी निःशस्त्र केलं म्हणूनच गुलाम राहिलो, नाही का?

हा प्रश्न चार हुतात्मा पुतळ्याच्या गावात हमखास येतो, त्यामुळे जरा सविस्तर.

लॉर्ड लिटनच्या काळात 1878 चा शस्त्र कायदा आला. त्यात हिंदी माणसाला परवाना लागे आणि युरोपियनांना सूट होती. अपमान होता तो या फरकात. गांधीजींसारख्या अहिंसावाद्यानंही या कायद्याला इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत धरलं होतं. अमेरिकेतले बंदूकवाले ते वाक्य आजही आवडीनं वापरतात. ते 1918 मध्ये सैन्यभरतीच्या आवाहनात लिहिलेलं होतं, हे मात्र ते सांगत नाहीत.

आता सोलापूर. एप्रिल 1930 मध्ये इथल्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. 8 मे रोजी गोळीबार झाला, लोक भडकले, सरकारी अंमल ढासळला आणि 12 मे पासून मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. त्या दिवसांत लोकांच्या हाती बंदुका नव्हत्या. असत्या तर? काहीजण म्हणतात मार्शल लॉ टिकला नसता. मला वाटतं फाशीचा आकडा चारवर थांबला नसता. हा तर्कच आहे, कोणी सिद्ध करू शकणार नाही. माझं एवढंच म्हणणं की 1930 च्या आठवणीवर बंदुकीचा हक्क उभा करणाऱ्यानं 1878 चा कायदा आधी वाचावा. एकाला परवाना आणि दुसऱ्याला सूट, हे त्यातलं खरं विष.

सरकारी यादीची एवढी धास्ती सोलापूरकरानं का बाळगावी?

कारण या शहरानं यादी म्हणजे काय असते ते जवळून पाहिलं आहे, आणि ती बंदुकांची नव्हती.

गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. 1911 मध्ये त्याची व्याप्ती वाढली आणि तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. एखादी जमात एकदा ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की जिल्हा दंडाधिकाऱ्यानं तिच्या लोकांची नोंदवही करायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची, पास असल्याशिवाय हलू द्यायचं नाही. सोलापुरात त्यांच्यासाठी मोठी वसाहत होती, काटेरी तारेच्या आत. कैकाडी, पारधी, टकारी आणि आणखी कितीतरी. त्याच माणसांनी इथल्या गिरण्यांत राबायचं आणि हजेरीला तारेच्या आत परतायचं. ‘सेटलमेंट’ हे नाव शहराच्या नकाशावर अजून आहे. मुंबई प्रांतानं हा कायदा 1949 मध्ये उठवला, देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, तरी चोरी झाली की कोणत्या वस्तीत आधी जीप जाते हे विचारायला लांब जायला नको.

माझी या वादातली बाजू इथून ठरते. वस्तूची नोंद वेगळी आणि माणसाची नोंद वेगळी. या नळीवर हा क्रमांक, ती या तारखेला या माणसाला विकली, चोरीला गेली तर इथे कळवली, हे लिहून ठेवण्यानं कोणाचं स्वातंत्र्य जात नाही. पण त्याच वहीत माणूस कोण, कुठला, त्याच्यावर भरवसा ठेवावा की नाही, हे साहेबाच्या मर्जीनं भरलं जाऊ लागलं की ती वही दुसरीच होते. ग्रामीण भागात शस्त्र परवान्याचं दप्तर आजही जिल्हा दंडाधिकाऱ्याकडेच असतं, म्हणजे जमातींची यादी ज्या पदाकडे होती त्याच पदाकडे. हे पद वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या पदाला लेखी कारण द्यायला लावा, एवढं म्हणतो.

एमएच 13 ची पाटी लावल्यानं कोणी गुलाम होत नाही. मग बंदुकीलाच अडचण का?

स्पर्धेत टाळ्या घेणारं वाक्य आहे, आणि बरंचसं बरोबरही आहे. पण आरटीओत गाडीचा पासिंग क्लार्क तुम्हाला ‘गाडीची गरज काय?’ असं विचारत नाही. परवान्याच्या टेबलावर तेच पहिलं विचारतात. भारतात नोंदणी ही वेगळी पायरीच नाही. आधी माणसाला परवानगी, मग त्या परवान्यावर शस्त्र चढतं. त्यामुळे अमेरिकेतला ‘यादी हवी की नको’ हा वाद जसाच्या तसा इथे मांडला की मूळ मुद्दा निसटतो.

नोंदणीनं गुन्हे कमी होतात का?

नोंदणीचे कैवारी इथे जरा जास्त बोलतात. कॅनडानं 1995 मध्ये रायफल आणि शॉटगनचीही नोंदणी सक्तीची केली. खर्च एक अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर गेला, शेतकरी आणि शिकारी चिडले आणि 2012 मध्ये ती वही बंद झाली. क्वेबेक प्रांतानं मग स्वतःची सुरू केली. उलट न्यूझीलंडनं मार्च 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यात 51 माणसं गेल्यावर जून 2023 पासून नवी नोंदवही आणली. तिथे आधी माणसाला परवाना होता, पण त्याच्या घरात किती बंदुका हे सरकारला ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे तर गुन्ह्यातलं शस्त्र बहुतेक वेळा परवान्याचं नसतंच. गावठी कट्ट्याला ना क्रमांक ना पावती. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या स्वित्झर्लंडमधल्या संस्थेच्या 2018 च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे 7 कोटी 11 लाख बंदुका, त्यातल्या नोंदलेल्या एक कोटीहून कमी. अंदाजच तो, पण निम्मा चुकला तरी चित्र तेच राहतं.

आणि वही आतून किडली तर? जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 दरम्यान अपात्र लोकांना लाखोंनी परवाने वाटले गेल्याचा तपास सीबीआयनं केला, त्यात सनदी अधिकारीही अडकले. सगळे परवाने कागदोपत्री ‘नोंदलेले’च होते. या प्रकरणांनंतर नोंदणीचा कैवार घ्यायला मला जीभ जड होते, तरी घेतो. चोरीला गेलेली बारा बोर दुसऱ्या जिल्ह्यात सापडली तर ती कोणाची, हे क्रमांकाशिवाय कळणार कसं? म्हणूनच शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 8 मध्ये क्रमांक खोडणं गुन्हा आहे, आणि खोडलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानंच तो खोडला असं गृहीत धरतात.

परवानाधारकांची यादी लोकांना दिसावी का?

अजिबात नाही. डिसेंबर 2012 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका वर्तमानपत्रानं पिस्तूल परवानाधारकांची नावं-पत्ते नकाशावर टाकले. कोणाच्या घरी बंदूक आहे हे चोरालाही कळलं आणि कोणाच्या घरी नाही हेही. बराच गदारोळ झाला, पुढच्याच महिन्यात राज्यानं परवानाधारकांना नाव गुप्त ठेवण्याची सोय केली आणि तो नकाशाही हटवला गेला. आपल्याकडे परवान्यांची राष्ट्रीय माहिती संगणकावर आहे, प्रत्येक परवान्याला विशिष्ट ओळख क्रमांक आहे आणि तो नसलेला जुना परवाना चालत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. बंदूक बाळगण्याचा हक्क नसेल, पण ती बाळगल्याची चावडीवर दवंडी न होण्याचा आहे, अशी मांडणी करता येते. वादविवादवाल्यांनी हा मुद्दा घ्यावा, सहसा कोणी घेत नाही.

सोलापुरात अर्ज कोणाकडे करायचा?

शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात असाल तर जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टरांकडे. अर्ज ऑनलाइन भरतात, पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, वय 21 पूर्ण हवं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका (आधी तीन होत्या) आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं.

पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही, कलम 14 मध्ये स्पष्ट आहे. प्रत्यक्षात सातबारा आणि आयकराचे कागद मागून फाइल जाड करण्याची हौस असतेच.

का ओ वकीलसाहेब, डुकरं ऊस-मका लोळवतात, शेतकऱ्याला तरी बंदूक देतात का?

कायदा इथे तुमच्या बाजूनं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. कलम 13 नुसार पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी किमान 20 इंच नळीची छर्ऱ्याची बंदूक मागितली आणि मागणी खरी असली तर, नकाराचं वेगळं कारण नसेल तेव्हा, परवाना ‘द्यावा’ असंच लिहिलं आहे. पिस्तूल-रिव्हॉल्वरसाठी मात्र सबळ कारण पटवावं लागतं.

पण परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही. डुक्कर मारायलाही वन्यजीव कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. आणि नान्नज-मोहोळ भागात काळवीट पिकात घुसतं म्हणून त्याच्यावर नेम धरलात तर बंदूक परवान्याची असली तरी थेट तुरुंगाची वाट आहे. काळवीट अनुसूची 1 मध्ये येतं, पीकनुकसान हे त्याला मारायचं कारण कायदा मानत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज करा.

निवडणूक लागली की बंदूक जमा करा म्हणतात. हे बरोबर आहे?

सरसकट नाही. छाननी समितीनं प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून ठरवायचं असतं: कोण जामिनावर आहे, कोणाचा पूर्वेतिहास दंगलीचा आहे. मुंबई उच्च न्यायालयानंही सरधोपट जमा करून घेण्याला आक्षेप घेतला आहे. तरी ठाण्यातून फोन येतो आणि माणसं मुकाट्यानं जमा करतात. जमा केलीत तर पावती घ्या, क्रमांक तपासून.

खंडेनवमीला आजोबांची तलवार पुजून फोटो स्टेटसला टाकला तर?

पूजेला कोणी अडवत नाही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्रांच्या यादीत येतं, घरकाम-शेतीचं अवजार सोडून. ऊसतोडीचा कोयता फडात अवजार असतो. रात्री अकराला चौकात, चौघांच्या मध्ये हवेत फिरवला की नसतो. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चे मनाई आदेश वरचेवर लागलेले असतात, आणि पोलिसांना तुमचा स्टेटस पुरावा म्हणून पुरतो. फोटो घरातच राहू द्या.

एअरगनला परवाना लागतो का?

.177 इंचापेक्षा मोठी नळी किंवा 20 जूलपेक्षा जास्त जोर असेल तर लागतो. नसेल तर नाही.

वरातीत हवेत बार काढला तर?

2019 पासून हा स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवान्याची बंदूक असली तरीही.

वडील वारले, त्यांची बारा बोर घरात आहे. काय करू?

आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग वारस म्हणून अर्ज करा. तेराव्यापर्यंत थांबा, वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका. परवान्याची मुदत गेलेली बंदूक कपाटात सापडली तर तुम्ही विनापरवाना शस्त्र बाळगणारे ठरता. वडील हयात असतील आणि सत्तरी गाठलेली असेल किंवा बंदूक 25 वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतच ती वारसाच्या नावे करण्याचा अर्ज करता येतो. यात भावकीचं ना-हरकत पत्र मिळवणं हेच सर्वांत अवघड काम, त्याला कायद्यात कलम नाही.

अर्ज नाकारला आणि कारणच सांगितलं नाही. आता?

कारण लेखी नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि तुम्ही मागितलंत तर त्याचा गोषवारा तुम्हाला द्यावा लागतो. जनहिताच्या दृष्टीनं देता येत नाही असं वाटलं तरच रोखता येतो. म्हणून तोंडी ‘साहेब नाही म्हणाले’ यावर परत फिरू नका. कारणाची मागणी लेखी करा, कलम 14 चा उल्लेख करा, आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा आणि मुदतीत कलम 18 खाली अपील करा. ‘परवान्याची आवश्यकता दिसून येत नाही’ असं एका ओळीचं ठोकळेबाज कारण आलं तर पोलीस अहवालाची प्रतही मागा. अहवाल अनुकूल आणि निकाल प्रतिकूल, असे नकार अपिलात सहसा टिकत नाहीत.